ओळीचा धनी

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नलमधली, एखादी जुनी फाइल घ्या आणि कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिट या साधनाला विचारा, यातली कुठली ओळ कुणी लिहिली. 'गिट ब्लेम' ही आज्ञा त्यासाठीच आहे. प्रत्येक ओळीच्या डावीकडे ती एक नाव आणि एक तारीख छापते. जुन्या फाइलींमध्ये कितीही खाली सरकत गेलं तरी बऱ्याचदा नाव एकच : लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स, १६ एप्रिल २००५, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. नेटवर्कचा कोड असो, डिस्कचा असो, कीबोर्डचा असो, एकाच माणसाने एकाच दुपारी बसून सगळं हातावेगळं केलं असं कुणालाही वाटावं.

प्रत्यक्षात तो कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला बदल, ही नुसती भरती होती. कर्नलच्या २.६.१२ या आवृत्तीचा चाचणीसाठी काढलेला कोड टोरवाल्ड्सने नव्याकोऱ्या गिटमध्ये ओतला आणि सोबतच्या नोंदीत सरळ लिहून टाकलं की जुना इतिहास हाताशी आहे, पण तो आणायच्या भानगडीत मी पडत नाही. आणायचा तर ३.२ जीबी होतो. हवं तर पुढे जुन्याचं वेगळं दप्तर करता येईल, असंही त्याने म्हटलं, आणि तसं ते झालंही. पण मुख्य दप्तरात, जगभरच्या कितीतरी लोकांनी १९९१ पासून लिहिलेल्या ओळी एका नावावर चढल्या त्या चढल्याच.

पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या करता करता मला या साधनांचा इतिहास वाचायचा नाद लागला. कोडचा इतिहास सांभाळणारी साधनं, ज्यांना आम्ही व्हर्जन कंट्रोल म्हणतो, त्यांची स्वतःची जन्मकथा मात्र कमालीची गुंतागुंतीची आहे. 'हे कुणी केलं' याची नोंद ठेवायलाच जी जन्माला आली, ती मुळात कुणी केली यावरच मतभेद! वाचत गेले तसं मला वाटू लागलं की हा निव्वळ योगायोग नसावा. या साधनांना ओळ कुणी टंकली ते नीट कळतं. कल्पना कुणाची ते त्यांना कळत नाही, आणि माणसं भांडतात ती बहुतेक वेळा कल्पनेवरून.

रूढ कथा १९७२ पासून सुरू होते. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मार्क रॉकाइंड नावाच्या प्रोग्रामरने एससीसीएस, म्हणजे सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम, लिहिली. पहिली आवृत्ती आयबीएमच्या सिस्टिम/३७० यंत्रासाठी, स्नोबॉल४ या आता विसरल्या गेलेल्या भाषेत. नंतर ती सी भाषेत आणि बेल लॅब्जच्याच युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर आली. डिसेंबर १९७५ मध्ये रॉकाइंडचा निबंध प्रसिद्ध झाला. कोडमधला प्रत्येक बदल कुणी केला, केव्हा केला, कुठे केला आणि का केला याची नोंद साधनाने ठेवावी, हे त्यात स्वच्छ मांडलेलं आहे. आज आम्ही जे करतो ते या चार प्रश्नांच्या पलीकडे फारसं गेलेलं नाही. 'का' या खान्यात बहुतेक जण 'फिक्स' एवढाच शब्द लिहितात हा भाग निराळा.

पण 'पहिली' म्हटलं की मेनफ्रेमवाली, म्हणजे जुन्या अवाढव्य संगणकांवर काम केलेली, मंडळी भुवया उंचावतात, आणि त्यांचंही खोटं नाही. प्रोग्राम पंच कार्डांवर असायचे तेव्हा एक कार्ड म्हणजे एक ओळ. कार्डाच्या ७३ ते ८० या शेवटच्या आठ रकान्यांत अनुक्रमांक टोचायची पद्धत होती. गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा लावता यावा म्हणून. त्याच आकड्यांच्या आधारे 'अमुक क्रमांकाची ओळ काढ, तमुकच्या पुढे ही घाल' असं सांगणारी साधनं आयबीएमच्या यंत्रांवर एससीसीएसच्या आधीपासून होती. कंट्रोल डेटा या कंपनीच्या यंत्रांवरचं 'अपडेट' तर आणखी पुढचं. तिथे प्रत्येक ओळीला ती ज्या दुरुस्तीतून आली तिचं नाव चिकटलेलं असे, काढलेली ओळ खरोखर पुसली न जाता नुसती निष्क्रिय होई, आणि एखादी अख्खी दुरुस्ती नंतर मागे घेता येई. हे वाचताना मी खुर्चीत सरसावून बसले, कारण आजचा कुठलाही प्रोग्रामर याला व्हर्जन कंट्रोलच म्हणेल. मग रॉकाइंडचं काय? माझ्या मते त्याचं श्रेय तरीही उरतं. सुट्या युक्त्या लोकांकडे होत्या; 'इतिहास सांभाळणं हेच साधनाचं काम' असं ठणकावून सांगणारा आणि ते लेखी मांडणारा तो होता. पण हे झालं माझं मत. सत्तरच्या दशकात कंट्रोल डेटाच्या यंत्रावर राबलेल्या माणसाला विचाराल तर तो दुसरं काही सांगेल.

एससीसीएसची फाइल आतून कशी दिसते ते पाहण्यासारखं आहे. समजा पहिल्या आवृत्तीत 'दर = १०' अशी एक ओळ होती आणि दुसऱ्या आवृत्तीत कुणी ती 'दर = १२' केली. आपण समजतो की फाइलमध्ये आता १२ असेल आणि १० गेलं. एससीसीएसच्या फाइलमध्ये दोन्ही ओळी एकाखाली एक बसलेल्या असतात. त्यांच्या मध्ये नियंत्रणाच्या ओळी असतात. त्यांची सुरुवात एका अदृश्य अक्षराने होते, म्हणजे चुकून खऱ्या कोडशी गल्लत व्हायला नको. एक नियंत्रण-ओळ म्हणते : इथून पुढचं पहिल्या बदलात घातलं. त्याच्या पोटात दुसरी म्हणते : इथून पुढचं दुसऱ्या बदलात काढलं. मग दर १०. मग 'काढलेलं संपलं'. मग 'इथून पुढचं दुसऱ्या बदलात घातलं', दर १२, 'घातलेलं संपलं'. असं कापडासारखं विणत जायचं. कुठलीही आवृत्ती हवी असो, पहिली किंवा तीनशेवी, साधन फाइल वरून खाली एकदाच वाचतं आणि त्या आवृत्तीला लागू नसलेल्या ओळी गाळत जातं. काढलेली ओळ कधीच नाहीशी होत नाही, आणि प्रत्येक ओळ कुठल्या बदलात आली हे शोधावं लागत नाही, ते तिच्याभोवतीच लिहिलेलं असतं. फाइल मागताना एक पर्याय दिला की प्रत्येक ओळीआधी तिचा आवृत्ती-क्रमांक छापून मिळे. आजच्या ब्लेमचं मूळ तिथे आहे.

पुढचा टप्पा लवकर उरकते. अमेरिकेतल्याच पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस हे त्याच कामाचं नवं साधन केलं आणि १९८२ मध्ये ते लोकांसमोर आलं. त्यांचं म्हणणं साधं होतं : लोकांना नव्वद वेळा ताजी आवृत्ती लागते, जुनी क्वचित, तर ताजी पूर्ण ठेवा आणि जुन्यांसाठी फक्त मागे जायचे फरक ठेवा. वेग वाढला, साधन सुटसुटीत झालं, बेल लॅब्जची मालक कंपनी एटीअँडटी हिच्या परवान्याची कटकटही टळली. फक्त ओळीचा धनी आता तिच्या अंगावर लिहिलेला राहिला नाही. तो हवा असेल तर मागे मागे जात पुन्हा हिशेब मांडायचा. गिटसुद्धा आज तेच करतं, म्हणून मोठ्या फाइलवर ब्लेम चालवलं की ते क्षणभर विचारात पडतं.

आता सीव्हीएस, आरसीएसच्या पायावर उभं राहिलेलं पुढचं साधन. श्रेय कुणाचं हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे मांडणारं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

१९८४ चा जुलै. ॲमस्टरडॅमच्या व्ह्राए विद्यापीठात डिक ग्रूने हे प्राध्यापक दोन विद्यार्थ्यांना घेऊन सी भाषेच्या कंपायलरवर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामवर, काम करत होते. तिघांच्या वेळा तीन तऱ्हांच्या. एक विद्यार्थी नऊ ते पाचचा शिस्तीचा, दुसऱ्याच्या वेळेचा काही भरवसा नाही, आणि खुद्द ग्रूनेंना सवड मिळायची ती संध्याकाळी. तोवरच्या साधनांची रीत कुलपाची होती. फाइल बदलायची तर ती आपल्या नावावर अडकवून घ्यायची. काम संपवून परत केल्याशिवाय दुसऱ्याला तिला हात लावता येत नसे. फाइल अडकवून एखादा गावाला लग्नाला निघून गेला की बाकीच्यांनी काय करायचं, हे कुलपाच्या काळात नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. ग्रूनेंनी कुलूपच काढून टाकलं. प्रत्येकाने आपापली प्रत घ्यावी, हवं ते बदलावं, आणि परत देताना साधनाने तिन्ही बाजू, म्हणजे मूळ, माझं आणि तुझं, ताडून पाहून एकत्र करावं. एकाच ओळीवर दोघांचा हात पडला असेल तेवढ्यापुरतंच माणसाला विचारावं.

हे सगळं म्हणजे काही शेल स्क्रिप्ट्स, आज्ञांच्या छोट्या याद्या, होत्या, आरसीएसच्या डोक्यावर बसवलेल्या. सुरुवातीला त्यांचं नाव होतं सीएमटी, पुढे सीव्हीएस. कंपायलरचा प्रकल्प ऑगस्ट १९८५ मध्ये संपला आणि १९८६ मध्ये ग्रूनेंनी त्या स्क्रिप्ट्स युजनेटवर, त्या काळच्या संगणकी चर्चा-जाळ्यावर, सगळ्यांसाठी खुल्या केल्या.

एप्रिल १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर याने सीव्हीएस नव्याने रचलं आणि सी भाषेत लिहिलं. तो प्रिझ्मा नावाच्या अमेरिकी कंपनीत होता. त्यांच्याकडे सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीकडून ऑपरेटिंग सिस्टिमचा कोड यायचा, त्यात ते आपले बदल करायचे, आणि सनने नवी आवृत्ती दिली की दोन्हींची मोट बांधायची. बाहेरून येणाऱ्या कोडसाठी वेगळी फांदी, म्हणजे इतिहासाचा समांतर धागा, ठेवायची सोय त्यातून आली, आणि तिच्या आखणीत जेफ पोल्क याची मदत होती. ज्या सीव्हीएसवर पुढची दहा-पंधरा वर्षं जगातले बहुतेक मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प चालले, ते हे.

तर मग सीव्हीएसचा लेखक कोण? त्याच्याच माहितीपुस्तिकेत उत्तर आहे आणि ते मला फार प्रामाणिक वाटतं. ती म्हणते की ग्रूनेंच्या स्क्रिप्ट्समधला कोड आताच्या सीव्हीएसमध्ये अजिबात उरलेला नाही, पण दोघांचे बदल एकमेकांना भिडले तर काय करायचं याच्या रीतींपैकी बऱ्याच तिथूनच आल्या आहेत. म्हणजे सीव्हीएसच्या कोडवर सीव्हीएसनेच ओळीओळीचा धनी विचारला तर ग्रूनेंचं नाव कुठेच यायचं नाही. आणि कुलूप काढून टाकायची हिंमत ज्यांनी पहिल्यांदा केली, ते तर ग्रूनेच. बरं, ग्रूनेंच्या खाली आरसीएस होतं, म्हणजे टिची आले. त्याच्याही खाली दोन फाइलींतला फरक काढणारं डिफ होतं. ते बेल लॅब्जच्या डग्लस मॅकिलरॉय यांचं, आणि त्यामागची रीत मांडणारा १९७६ चा निबंध मॅकिलरॉय आणि जेम्स हंट या दोघांचा. एकेक थर खरवडत जा, दर थराला नवं नाव.

जाता जाता एक. या ग्रूनेंनीच पुढे 'सिम' नावाचं साधन लिहिलं. विद्यार्थ्यांच्या गृहपाठाचे प्रोग्राम एकमेकांशी ताडून कुणी कुणाचं उतरवलं ते सांगणारं. टिची पुढे जर्मनीत कार्लस्रूहला प्राध्यापक झाले, आणि हेच काम करणारं 'जेप्लॅग' त्याच विद्यापीठातून आलं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध जोडायला माझ्याकडे कुठलाच पुरावा नाही. पण प्राध्यापकाला कॉपीबहाद्दरांचा जाच ॲमस्टरडॅमलाही चुकत नाही, हे वाचून बरं वाटलं.

सन मायक्रोसिस्टिम्सची गोष्ट इतकी गोड नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे लॅरी मॅकव्हॉय याने एनएसईलाइट नावाचं साधन लिहिलं, एससीसीएसच्या पायावर. दोघांकडे स्वतंत्र इतिहास असलेली एकच फाइल असेल तर ते दोन्ही इतिहास एकमेकांत मिसळायचे, ही त्यातली अवघड गोष्ट. त्यानंतर सनचं अधिकृत साधन म्हणून टीमवेअर आलं. सनची सोलॅरिस ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि जावा ही भाषा त्यावरच घडल्या. १९९६ मध्ये अशाच प्रकारे दोन इतिहास एकत्र करण्याच्या रीतीवर सनला पेटंटही मिळालं. आपल्या कामातूनच टीमवेअर उभं राहिलं असं मॅकव्हॉय वर्षानुवर्षं सांगत आला. कंपनीत साधन 'प्रॉडक्ट' होतं तेव्हा काय होतं हे ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना सांगायला नको : एका माणसाचं रात्री जागून केलेलं काम एका टीमकडे जातं, टीम ते नव्याने लिहिते, नाव बदलतं, आणि पाच वर्षांनी दोन्ही बाजूंना आपणच ते केलं असं मनापासून वाटत असतं. कोणीच खोटं बोलत नसतं. नव्या कोडच्या दप्तरात मूळ माणसाची ओळ नसते, इतकंच.

मॅकव्हॉयने बाहेर पडून बिटकीपर काढलं. फेब्रुवारी २००२ पासून लिनक्स कर्नलचं काम त्यावर चालू झालं. साधन मालकीचं, पण मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना फुकट, अट एवढीच की वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणारं काही लिहायचं नाही. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने तो परवाना घेतलाच नव्हता. त्याने बिटकीपरच्या सर्व्हरला टेलनेटने, म्हणजे दूरच्या यंत्राशी टाइप करून बोलायच्या साध्या प्रोग्रामने, जोडून घेतलं आणि 'हेल्प' असं टाइप केलं. सर्व्हरने आपल्याला कुठकुठल्या आज्ञा कळतात त्यांची यादी दिली! एप्रिल २००५ मध्ये कॅनबेराच्या एका परिषदेत त्याने हे सगळ्यांसमोर करून दाखवलं; पुढे काय टाइप करायचं ते श्रोतेच ओरडून सांगत होते. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मॅकव्हॉयच्या लेखी ही आपल्या कामाची चोरी होती, ट्रिजेलच्या लेखी दारावरची पाटी वाचणं. फुकटची सोय बंद झाली आणि ३ एप्रिलला टोरवाल्ड्स गिट लिहायला बसला. ७ तारखेला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्ये होता.

गिटचा जनक कोण, यावर तरी वाद नसावा असं वाटतं. पण प्रत्येक गोष्टीला तिच्या मजकुरावरून काढलेल्या हॅशने, म्हणजे ठशासारख्या आकड्याने, ओळखायचं, ही मध्यवर्ती कल्पना ग्रेडन होअर याच्या मोनोटोनमध्ये २००३ पासून होती. पर्याय म्हणून पाहण्याजोगं साधन म्हणून टोरवाल्ड्सनेच त्या दिवसांत मोनोटोनचं नाव घेतलं होतं. जुलै २००५ पासून गिट सांभाळतो आहे जुनिओ हमानो. आज आपण जे वापरतो त्यातलं टोरवाल्ड्सने लिहिलेलं फार थोडं, हे तो स्वतः सांगतो. आणि खुद्द 'ब्लेम' या आज्ञेचं काय? फेब्रुवारी २००६ मध्ये अगदी थोड्या अंतराने दोन जणांनी दोन वेगळी साधनं दिली. रायन अँडरसनचं 'ॲनोटेट' पर्ल भाषेत, फ्रेडरिक कुइविनेनचं 'ब्लेम' सीमध्ये. दोन्ही ठेवली गेली. त्याच वर्षाच्या शेवटी हमानोने तिसरंच काही लिहिलं, ज्याला एका फाइलमधून दुसरीत हलवलेल्या ओळीही ओळखता येत, आणि 'ब्लेम' हे नाव त्याला मिळालं. ओळ कुणाची हे सांगणाऱ्या आज्ञेलाच तीन बाप.

वाद कोर्टात गेला की काय होतं तेही पाहून घ्यावं. १९९२ मध्ये एटीअँडटीच्या युनिक्स कंपनीने कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातल्या मोफत युनिक्सविरुद्ध दावा लावला : आमचा कोड चोरला. बर्कलीची मंडळी आपला इतिहास ठेवत होती एससीसीएसमध्ये, म्हणजे बेल लॅब्जच्याच साधनात. उलट दाव्यात विद्यापीठाने म्हटलं की तुमच्या सिस्टिम व्ही या युनिक्समध्ये आमचा कोड आहे आणि आमचं नाव गाळलेलं आहे. १९९४ मध्ये तडजोड झाली तेव्हा बर्कलीच्या सुमारे १८,००० फाइलींपैकी तीन काढाव्या लागल्या आणि सत्तरेक फाइलींवर जुन्या मालकाची ओळ घालावी लागली. एवढ्यासाठी दोन वर्षं सगळा कारभार अडला, आणि त्या काळात लिनक्स मोठं झालं.

२००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला आणि लिनक्समध्ये आमचा युनिक्स घुसला आहे असं सांगत सुटली. त्या ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या मेळाव्यात पुरावा म्हणून पडद्यावर कोड दाखवला, आणि गुपित राहावं म्हणून त्यातल्या काही भागाची अक्षरं ग्रीक लिपीच्या फाँटमध्ये टाकली! लोकांनी फोटो काढले, फाँट उलटा फिरवला, आणि मूळ शोधून काढलं. एक तुकडा १९७० च्या दशकातल्या बेल लॅब्जच्या युनिक्सचा निघाला. तो जुना युनिक्स २००२ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला करणारी कंपनी होती कॅल्डेरा, जिने पुढे आपलं नाव बदलून एससीओ ठेवलं. दुसरा तुकडा नेटवर्कची पाकिटं गाळणाऱ्या कोडचा. त्याचं मूळ तर बर्कलीकडचं.

या धांदलीतून एक गोष्ट उरली. मे २००४ मध्ये टोरवाल्ड्सने ठरवलं की कर्नलला कोड देणाऱ्या प्रत्येकाने शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ आपल्या नावानिशी घालायची : हा कोड द्यायचा मला अधिकार आहे. कोड एका हातातून दुसऱ्या हातात गेला की दुसऱ्यानेही खाली आपली ओळ जोडायची. वर्षभराने गिट आलं, आणि त्याच्या प्रत्येक कमिटमध्ये दोन नावं आली : लेखक आणि कमिटर. प्रत्येक नावापुढे वेळ आणि टाइमझोन. लेखकापुढे +०५३० आणि कमिटरपुढे -०७०० दिसलं की समजावं, भारतात कुणीतरी रात्री जागून लिहिलेला पॅच, म्हणजे बदलाचा तुकडा, पलीकडे अमेरिकेत कुणीतरी सकाळच्या कॉफीबरोबर आत घेतला. सातबाऱ्यावर जसा मालक वेगळा आणि कूळ वेगळं, तसं. पण इथेही कमिटच्या रकान्यांत खाने दोनच. मीटिंगमध्ये फळ्यावर चित्र काढणाऱ्याला, चहाच्या टपरीवर 'हे उलटं करून बघ की' म्हणणाऱ्याला खाना नाही.

आमच्या एका जुन्या ऑफिसात सीव्हीएसमधून गिटकडे जायचं ठरलं तेव्हा घाईत फक्त ताजा कोड आणला. लाखो ओळी एका कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर गेल्या. तो चार महिन्यांत सोडून गेला, पण पुढे कित्येक वर्षं नवी पोरं ब्लेम करून विचारायची, "हा कोण, अगं? याला विचारू या ना." दुसरीकडे कुणीतरी सगळ्या प्रकल्पावर फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन, चालवला आणि एका रात्रीत सगळ्या ओळींचा धनी झाला. यावर गिटमध्ये उपाय आहेत. मोकळ्या जागांचे बदल दुर्लक्षित करायचा पर्याय आहे, आणि २०१९ पासून ठरावीक कमिट वगळा असंही सांगता येतं. पण त्या वर्षीच्या अप्रेजलमध्ये कुणी किती ओळी लिहिल्या याचा तक्ता स्क्रीनवर आला. त्यात हे उपाय कुणी वापरले नव्हते, आणि ज्या ज्येष्ठ सहकाऱ्याने निम्म्या प्रकल्पाची आखणी केली होती त्याचं नाव खालून दुसरं होतं. तो हसला. मला नाही हसू आलं.

कर्नलवाल्यांनी निदान कल्पनेसाठी एक जागा केली आहे. 'साइन्ड-ऑफ-बाय'च्या बरोबरीने तिथे 'रिपोर्टेड-बाय', 'टेस्टेड-बाय' आणि 'सजेस्टेड-बाय' अशा ओळी चालतात. शेवटची ओळ ज्याने सुचवलं त्याच्यासाठी. तिच्याबद्दलचा नियम मला आवडतो : बोलणं चारचौघांत झालेलं नसेल तर विचारल्याशिवाय कुणाचं नाव घालू नका. कुणाला श्रेय हवं असतं, कुणाला आपलं नाव नको असतं, दोन्हींचा विचार त्यात आहे.

आताच्या टीममध्ये मी ही ओळ घालायला सुरुवात केली आहे. एका नव्या मुलाच्या सूचनेवरून केलेल्या बदलावर त्याचं नाव घालू का म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "घाल ना, पण त्याने माझा काउंट वाढतो का?" नाही वाढत. तक्ता काढणारी स्क्रिप्ट फक्त लेखकाचा खाना वाचते. ती दुरुस्त करायचं काम लिस्टमध्ये टाकलं आहे, सध्या कुणाच्याच नावावर नाही.